हात न टेकता

३ फेब्रुवारी

तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली. सावधान, विश्राम, उजवीकडे वळ. मुलांना सरळ रेषेत उभं करून करून निवृत्त झाले आणि ठरवलं, आता उरलेलं आयुष्य त्यांना वाकडंतिकडं उभं करण्यात घालवायचं. आज पहिला वर्ग झाला.

जागा पैलवानाच्या व्यायामशाळेच्या वरची खोली. पैलवान म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. शाळेत असताना दोरीवरून एक उडी धड मारली नाही आणि आता दंड बघावेत तर माझ्या मांडीएवढे. खाली तो लोकांकडून लोखंड उचलून घेतो, वर मी मुलांना सांगते, "तू आता उतू जाणारं दूध हो." खोलीच्या एका भिंतीला अख्खा आरसा आहे. त्यावर मी सकाळीच वर्तमानपत्रं चिकटवून टाकली. आरसा असला की मुलं आपण कसे दिसतो तेच बघत बसतात. पैलवान कळवळला, "बाई, महागाचा आरसा आहे हो." मी म्हटलं, "म्हणूनच झाकला. धूळ बसणार नाही."

पालकांना वर्ग कळत नाही. नाच शिकवणार का? नाही. जिमनॅस्टिक? नाही. मग शेवटी मुलांना येणार काय? मी म्हटलं, "स्वतःचं अंग येईल. तुम्हाला येतं का?" एक बाबा जरा दुखावले. दुखावू देत. शाळेतला नवा ड्रिलचा मास्तर तर माझ्या पाठीमागे म्हणाला म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं. अरे, मी अंगण वाकडं आहे म्हणूनच घेतलंय.

या पेनाला काही अर्थ नाही. ओळीच्या शेवटापर्यंत अक्षर मुंगीएवढं होतं. उद्या दुसरं आणते.

७ फेब्रुवारी

आमचे हे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. घड्याळजीला जगातली प्रत्येक गोष्ट बिघडलेलीच दिसते. सकाळी फिरताना म्हणाले, "चालताना तुझा डावा हात हलत नाही गं."

"उजवा दुप्पट हलवते. हिशेब बरोबर."

"रागावलीस का?"

हे यांचं नवीनच. मी मजेत असते आणि हे विचारतात, रागावलीस का. परवा पैलवानानंही विचारलं. तीस वर्षं शिट्टी तोंडात धरून उन्हात उभी राहिले, तोंड काय गुलकंदासारखं होणार?

मी अजून रोज सकाळी दोरीवरच्या उड्या मारते, बैठका काढते. माझ्या वयाच्या बायका जिना चढताना कठड्याला लोंबकळतात, मी कठड्याला बोट लावत नाही. डावी चप्पल मात्र पुढून झिजली. हल्ली चपला कागदाच्या करतात.

१२ फेब्रुवारी

आज वर्ग रंगला. मुलांना सांगितलं, तुम्ही दोरीवर वाळत घातलेले कपडे आहात आणि वारा सुटलाय. एक मुलगा, ज्याला मी पिपाणी म्हणते कारण त्याचा आवाज बंदच होत नाही, तो पायमोजा झाला. एकच. "दुसरा हरवलाय," म्हणाला आणि खोलीभर त्याला शोधत लोंबकळत फिरला. हसून हसून पोट दुखलं. पिपाणीनं विचारलं, "बाई, तुम्ही रागावलात?" काय लावलंय हे सगळ्यांनी!

मग आरशाचा खेळ घेतला. खरा आरसा झाकलेला, म्हणून मुलांनाच आरसा केलं. मी समोर उभी राहायची, हळूहळू हलायचं, आणि त्यांनी अगदी तसंच करायचं. नियम एकच. "आरसा भर घालत नाही, गाळत नाही. दिसेल तेच. मनाचं काही नाही." बहुतेक मुलं घाई करतात, हात वर नेला की यांचे आधीच छताला. पण घारी म्हणून एक मुलगी आहे. डोळे घारे, बोलणं नावाला. ती काय बघते! मी श्वास घेतला की तिची छाती फुगते. अशी नजर तीस वर्षांत पाहिली नाही. तिला मी पुढच्या रांगेत घेतलं आणि बाकीच्यांना सांगितलं, समजलं नाही तर हिच्याकडे बघा.

२० फेब्रुवारी

यांनी सकाळी घर डोक्यावर घेतलं. दूध करपलं, पातेलं काळं ठिक्कर, घरभर धूर, आणि मी म्हणे शेजारच्या खोलीत निवांत बैठका काढत होते. मला काही वास आला नाही. यांचं नाक लहानपणापासून तिखट.

पैलवानाच्या व्यायामशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. हे ते दुरुस्त करायला घेऊन बसलेत, जिन्याच्या अगदी खालच्या पायरीशी स्टूल टाकून. माझा वर्ग सुरू होताना येतात, मी उतरले की सामान आवरतात. एवढ्या साध्या घड्याळाला इतके दिवस! वयानं हात गेला यांचा. बिचारे. मी बोलून दाखवलं नाही.

२ मार्च

आज पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. लिहिताना अजून कानशिलं तापलेली आहेत.

सगळं छान चाललं होतं. मुलं झाडं झाली, दारं झाली, करकरणारं कपाट झाली. शेवटी आरशाचा खेळ. मी चालत पुढे आले, थांबले, उजवा हात फुलासारखा उघडला. समोर घारी. तिनं तिचा एक हात तसाच उघडला. दुसरा मात्र कोपरात मुडपून पोटाशी धरला आणि अंगठा नि बोट एकमेकांवर घासायला लागली, थरथर थरथर. पालकांत कुणीतरी फिसकन हसलं. मी तिच्या मागे पाहिलं तर सगळी रांग तशीच. सगळ्यांचे हात पोटाशी, सगळ्यांची बोटं थरथरताहेत. पिपाणीसुद्धा!

म्हातारीची नक्कल. माझ्याच वर्गात, पालकांसमोर, आणि पुढारी कोण, तर जिला मी डोक्यावर घेतलं ती. मी तिला बाहेर काढलं. "जा, आणि चिडवायची हौस फिटली की ये," म्हटलं. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, मग हात तसाच पोटाशी धरून बाहेर गेली. तेवढं धैर्य!

हे जिन्याखालून धावत वर आले होते. म्हणाले, "काय झालं? पडलीस?" मी कशाला पडेन?

५ मार्च

घारीची आई घारीला घेऊन आली. मला वाटलं माफी मागायला. आईचा सूर वेगळाच होता.

"बाई, तुम्ही हिला काढलंत, ते ठीक आहे. वर्ग तुमचा आहे. पण चिडवलं म्हणू नका. गेले कितीतरी दिवस ही दात डाव्या हातानं घासतेय, उजवा पोटाशी धरून. दप्तर घेतानाही तेच. विचारलं तर म्हणते, सराव चाललाय."

"कसला सराव?" मी घारीला विचारलं.

"मला अंगठ्याचं जमत नव्हतं," घारी म्हणाली. "आता येतं." आणि तिनं करून दाखवलं. दोन बोटांत कणकेची बारीक गोळी वळावी तसा अंगठा फिरत होता. न थांबता. एवढं बारीक काम मोठ्यांनाही जमणार नाही. माझ्यातली मास्तरीण म्हणाली, शाब्बास. आणि मग मी विचारलं, का विचारलं कोण जाणे, "आणि चालायचं?"

ती चालली. एक पाऊल उचललं जात होतं, दुसरं फरशीला घासत मागून येत होतं.

"हे कुणाचं आहे?"

"तुमचं," ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. "तुम्ही म्हणालात ना, गाळायचं नाही. बाकीच्यांना मी शिकवलं. त्यांना दिसतच नव्हतं."

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, चुकले माझं. आईलाही म्हटलं. त्या दोघी गेल्यावर दार लावलं आणि आरशावरचे कागद फाडून काढले. चुरगळलेल्या बातम्यांचा ढीग झाला पायाशी. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि आरशाकडे चालत आले.

समोरून जी बाई आली तिला मी ओळखलं नाही असं लिहिणार नाही. ओळखलं, म्हणूनच चीड आली. काखेत कळसा म्हणतात तो माझ्या काखेतच होता, अगदी चिकटून, आणि मी पोरांच्या झडत्या घेत होते. डावा हात कोपरात मुडपलेला, तोच घारीच्या आरशात उजवा झालेला. मी तो सरळ केला. सोडला की परत पोटाशी. बोटं चाललेलीच. मी त्याच्याकडे बघून जोरात ओरडले, "सावधान!" या शब्दाला हजारो मुलं जागच्या जागी थांबलेली आहेत. हा थांबला नाही.

खालून यांनी हाक मारली, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही. कवायत चाललीय."

६ मार्च

आज दोरी मारली नाही. भीती वाटते. झालं लिहून.

९ मार्च

डॉक्टर म्हणजे कालची पोर, पण नजर घारीची. मला दालनात चालायला लावलं, बोटं टिचकवायला लावली, कागदावर एक वाक्य लिहायला सांगितलं.

"अक्षर लहान होतंय का हल्ली?"

"पेनं वाईट मिळतात."

"वास कमी येतो?"

 हे मधेच म्हणाले, "दूध." घरभेदी!

आणखी बरंच बघून ती म्हणाली, "पार्किन्सन आहे. कंपवात. पूर्ण बरा होत नाही, पण औषधं आहेत, आणि पुष्कळ वर्षं चांगलं राहता येतं." हे माझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते, तिची चेन उघडत आणि लावत. मी विचारलं, "व्यायाम बंद करायचा का?"

"बंद केलात तर माझ्याशी गाठ आहे. उलट वाढवा. मोठ्या हालचाली करा. पावलं मोठी, हात मोठे, ताल धरून. हा आजार हालचाल लहान लहान करत नेतो, चेहऱ्यावरचीसुद्धा. त्याला तसं करू द्यायचं नाही."

"डॉक्टर," मी म्हटलं, "हेच मी पोरांना शिकवते आणि लोक विचारतात, उपयोग काय."

ती हसली. मीही हसले, निदान मला तसं वाटलं. बाहेर आल्यावर यांना विचारलं, "मी आत्ता हसले होते का?" हे म्हणाले, "मला कळलं." एवढंच म्हणाले. रस्ताभर मी मोठी पावलं टाकत चालले. लोक बघत होते. बघा म्हटलं, फुकट आहे.

१२ मार्च

मुलांना सांगितलं. लपवून काय करू, त्यांनीच तर शोधून काढलाय. "हा हात आणि हा पाय माझं ऐकत नाहीत. आजार आहे. तुम्हाला लागणार नाही. आजपासून आरशाच्या खेळात हे गाळायचं." पिपाणी हिरमुसला. "बाई, आत्ता कुठे मला यायला लागलं होतं!"

दुपारी पैलवान आला. एवढा दांडगा माणूस, पण दारात उभा राहून हाताची बोटं मोडत होता.

"बाई, पालक येऊन गेले. एक बाबा म्हणतात, मुलं लकबी उचलतील. एक आई म्हणाली, पोर पडलं तर बाई सावरणार कशा? जागा माझी आहे, मला विचारतात. खाली एक मुलगी येते, झुंबा शिकवते. ती वरचा वर्गही घेईन म्हणतेय."

"तुला काय वाटतं?"

"मला तुमची भीती वाटते, बाई. अजून."

हे उत्तर नव्हतं. लकबींचं ऐकून मी हसण्यावारी नेलं, पण सावरण्याचं लागलं. ते बरोबर आहे म्हणून जास्त लागलं. मग चिडले. बरोबर आहे ना, मग सोबतीला माणूस द्या, जाड गाद्या टाका. मला उचलून बाहेर ठेवणं एवढाच उपाय यांना सुचतो! वर्ग गेला तर मी काय करणार? खुर्चीत बसून अंग रोज थोडं थोडं आखडताना बघणार? ती खुर्ची मला आत्तापासून दिसतेय. तिच्यात मी बसणार नाही.

"शनिवारी सगळ्यांना बोलाव," म्हटलं. "मुलांसकट. माझ्या तोंडावर सांगू देत."

१४ मार्च

हे म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." मी म्हटलं, "जळू दे सुंभ. पीळ मला लागणार आहे." मग यांनी माझ्या ब्लाउजच्या हुकांकडे बघितलं आणि ते लावून दिले. गेले काही आठवडे यांना हे सुचतं खरं. इतक्या वर्षांच्या संसारात आत्ता कुठे रसिकता आली.

ते भिंतीवरचं घड्याळ अजून बंदच आहे. पैलवान काही बोलत नाही, सज्जन आहे.

१६ मार्च

सगळं नीट आठवून लिहिते.

पालक भिंतीला टेकून उभे, हाताची घडी घालून. मुलं मधे. पैलवान दाराशी, हे पैलवानाच्या मागे. मी म्हटलं, "मला कंपवात झालाय. तो संसर्गाचा नाही. कुणाला काय म्हणायचंय ते बोला."

लकबवाले बाबा बोलले, शांतपणे बोलले, ते मान्य करते. "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मुलं जे बघतात ते करतात."

"मग ती घरी मान खाली घालून फोनमध्ये बघत बसतात, ते कुणाचं बघून?"

दोघीतिघी हसल्या. बाबा नाही हसले. "विषय तो नाही. विषय तुम्हाला झेपेल का हा आहे."

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "झेपण्याची कसोटी घेऊ या? खाली बसा सगळे. मांडी घालून. आणि हात न टेकता उठा. जो उठेल त्यानं ठरवायचं, हा वर्ग चालणार की बंद होणार. तो म्हणेल ते मला मान्य." ही कसोटी मी शाळेत दर वर्षी घ्यायचे आणि सगळ्यांत आधी मी उठायचे. मला खात्री होती. इतकी खात्री की आधी स्वतः बसले.

तेही बसले. कुणी कुरकुरत, कुणी पदर सावरत, कुणी पँट वर ओढत. आणि मग जी झुंबड उडाली! लकबवाले बाबा पुढे झेपावले आणि परत बसले. घारीची आई जवळजवळ उठली होती, म्हणाली, "एक बोट चालेल का?" मी म्हटलं, नाही. पैलवान बसला तो मांड्यांच्या ओझ्यानं कुशीवर कलंडला आणि तसाच राहिला. एकही उठेना. मनातून मला उकळ्या फुटत होत्या.

मग मी. पुढे झुकले, जोर दिला. उजवा पाय आला. डावा खालीच. जणू तो माझा नव्हेच, कुणीतरी तिथे विसरून गेलंय. परत झुकले. पार्श्वभाग उचलला गेला आणि धप्पकन खाली आदळले.  पालकांचे चेहरे मी पाहिले. त्यात जिंकल्याचं काही नव्हतं, कीव होती, आणि ती मला जिंकल्यापेक्षा वाईट वाटली. पैलवान रांगत रांगतच पुढे आला. मी म्हटलं, "हात लावू नकोस." हेही निघाले होते. यांच्याकडे मी नुसतं बघितलं. थांबले.

माझ्याच तोंडानं कसोटी घेतली आणि मीच नापास. डोळ्यांत पाणी आलं. आवरलं नाही, कशाला आवरू?

"बाई," पिपाणीचा आवाज आला, "आम्ही मघाशीच उठलो."

मी मान वळवली. अख्खा वर्ग माझ्या मागे उभा होता. मी सांगितलं, बसा, तर ती बसली होती. सांगितलं, उठा, तर उठली होती. मोठ्यांच्या धडपडीत त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"मुलांना यात धरायचं नसतं," लकबवाले बाबा जमिनीवरून म्हणाले.

"का? 'जो उठेल तो' म्हटलं होतं. 'जो मोठा असेल तो' म्हटलं नव्हतं." आणि मी मुलांना विचारलं, "बोला. तुम्ही ठरवायचं. वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा?"

ती एकमेकांकडे बघायला लागली. प्रश्न त्यांना पटलाच नाही. सकाळची वेळ, वर्गाची खोली, बाई समोर, मग हे काय विचारताहेत? घारी म्हणाली, "बाई, पण आज काय व्हायचं ते तुम्ही अजून सांगितलंच नाही."

मी अजून खालीच होते. सुचलं ते बोलले. "आज उठायचं."

"ते तर झालं!"

"तसं नाही. परत बसा. प्रत्येकानं वेगळं उठायचं. हात टेकवा, डोकं टेकवा, लोळा, काहीही करा. पण कुणी कुणाचं बघून करायचं नाही. दोघांचं सारखं दिसलं तर दोघं परत खाली. आणि पालकहो, तुम्हीही खालीच आहात, तेव्हा सुटका नाही."

पिपाणी बॉलसारखा गडगडत भिंतीपर्यंत गेला आणि भिंतीवर हात चढवत चढवत उभा राहिला. घारी इतकी हळू उठली की ती कधी बसलेली होती आणि कधी उभी झाली ते सांगता येऊ नये. तिची आई एका बोटावर उठली आणि माझ्याकडे ऐटीत बघितलं. लकबवाल्या बाबांनी गुडघ्यावर येऊन पैलवानाच्या खांद्याचा आधार घेतला, पैलवान त्यामुळे परत आडवा झाला, तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले, आणि त्यांची मुलगी ओरडली, "बाबा, हे कुणाचंच नाहीये! हे तुमचं आहे!" पैलवानाला तीन पोरांनी ओढलं.

मग सगळे उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. कीव नव्हती आता, उत्सुकता होती. बाई वेगळं काय करतात? पिपाणीनं बजावलंसुद्धा, "आमच्यातलं कुणाचं करायचं नाही हं!"

मी सगळ्यांत शेवटी उठले. कशी उठले ते लिहीत नाही. ज्याला बघायचं असेल त्यानं वर्गाला यावं.